कायद्याच्या तारखेबाहेर राहिलेलं गाव

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात, चेक सरहद्दीला लागून एर्त्सगेबिर्ग ही डोंगररांग आहे. तिच्यात श्लेमा आणि योहानगेऑर्गनश्टाट अशी दोन खाणगावं आहेत. एकातून दुसऱ्यात मोटारीने जायला तासभरही लागत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने या दोन्ही गावांच्या पोटातून युरेनियम उपसलं आणि दोन्ही गावांची पार रया घालवली. आज श्लेमात रेडॉनयुक्त (रेडॉन म्हणजे युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सर्गी वायू) पाण्याचं स्नानगृह आहे, खाणीच्या राडारोड्याचे ढीग होते तिथे हिरवळ आहे, आणि २००५ साली त्याला आरोग्यस्थानाचा अधिकृत दर्जाही मिळाला. योहानगेऑर्गनश्टाटच्या वाट्याला असलं काही आलं नाही. १९५० च्या सुमारास तीस हजारांच्या वर लोकवस्ती गेलेल्या या गावात आता चार हजारांच्या आसपास माणसं राहतात. त्याचं मूळ गावठाण तर नकाशावरून पुसल्यात जमा आहे.

दोन्ही गावांचं दुखणं एकच होतं, मग उपचारात एवढा फरक का? श्लेमात सोव्हिएत संघाने काढलेली विस्मुट ही खाणकंपनी १९९० पर्यंत काम करत होती. योहानगेऑर्गनश्टाटचं युरेनियम संपलं तशी ती १९५८ मध्ये तिथून निघून गेली. जर्मनीच्या एकीकरणानंतर डिसेंबर १९९१ मध्ये जो कायदा झाला त्याने १९९० च्या मध्याला कंपनीच्या ताब्यात असलेल्या जागांचीच साफसफाई संघ सरकारच्या डोक्यावर घेतली. कंपनीने त्याआधी सोडून दिलेल्या जागा हिशेबाबाहेर राहिल्या. म्हणजे जे गाव आधी संपवलं, ते मागे राहिलं. सोप्या भाषेत सांगायचं तर नुकसान किती झालं याला किंमत नव्हती, नुकसान करणारा कोणत्या तारखेला तिथे उभा होता यालाच होती.

मला हे चूक वाटतं, आणि ही जुनी तक्रार उगाळण्यापुरती चूक वाटत नाही. आज त्याच डोंगरात लिथियमसाठी पुन्हा खाणी खोदायच्या गोष्टी चालल्या आहेत. खाणीचं देणं जागेला चिकटलेलं असतं की मालकाला, हा प्रश्न तिथे आता पुन्हा उभा राहणार आहे. त्याचं उत्तर शोधायला या एका गावाचा इतिहास पुरेसा आहे.

गावाचा जन्मच विस्थापनातून झाला. डोंगराच्या पलीकडे, बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, प्लाटन नावाचं खाणगाव होतं. चेक भाषेत त्याला होर्नी ब्लाटना म्हणतात. कॅथलिक-प्रोटेस्टंट वादातून पेटलेलं तीस वर्षांचं युद्ध (१६१८-४८) संपल्यावर बोहेमियावर राज्य करणाऱ्या कॅथलिक हाब्सबुर्ग घराण्याने तिथल्या प्रोटेस्टंट लोकांपुढे दोनच वाटा ठेवल्या, कॅथलिक व्हा नाहीतर चालते व्हा. अनेक कुटुंबं सरहद्द ओलांडून सॅक्सनीत आली आणि तिथला अधिपती योहान गेऑर्ग पहिला याच्याकडे त्यांनी गाव वसवण्याची परवानगी मागितली. २३ फेब्रुवारी १६५४ रोजी ती मिळाली. गावाला त्याचंच नाव दिलं गेलं. भर हिवाळ्यात, नऊशे मीटरच्या आसपास उंचीवरच्या जंगलात गाव वसवायला दिलं यात राजाचं औदार्य असेलही, पण हिशेब त्याहून मोठा होता. आलेले लोक खाणकामात मुरलेले होते, आणि डोंगरात चांदी होती.

त्या काळच्या खाणीच्या कारभारातली एक गोष्ट आजच्या वादात फार उपयोगाची आहे. सॅक्सनीत खाण एका माणसाची नसे. तिचे १२८ भाग पाडलेले असत, त्यांना कुक्स म्हणत. ज्याच्याकडे भाग, त्याने खाण तोट्यात असताना दर तिमाहीला वर्गणी भरायची आणि चांदी लागली की नफा घ्यायचा. पण या १२८ पैकी काही भाग वेगळे काढलेले असत. त्यांवर वर्गणी मागायची नाही, नफ्यात मात्र त्यांचा वाटा ठेवायचा. हे भाग जमीनमालकाचे, चर्च आणि शाळेचे, गावाचे असत. खाण गावाच्या जमिनीखाली आहे, म्हणून गावाने एक पै न घालता गावाचा हिस्सा धरायचा, ही त्यामागची रीत होती. कुणा दानशूराची मर्जी म्हणून हा हिस्सा मिळत नव्हता, तो हिशेबाच्या वहीतच लिहिलेला असे.

दुसरी रीत कामगारांची. खाणकामगार आपल्या मजुरीतून आठवड्याला थोडे पैसे एका पेटीत टाकत आणि त्यातून जखमींना, आजाऱ्यांना, विधवांना मदत होई. अशा कामगार बिरादरीचा सर्वात जुना लेखी उल्लेख १२६० सालचा आहे, हार्झ डोंगरातल्या गोस्लार गावाजवळच्या राममेल्सबेर्ग खाणीसंबंधीच्या सनदेत. जर्मनीचा चान्सेलर बिस्मार्क याने १८८० च्या दशकात सामाजिक विम्याचे कायदे केले तेव्हा खाणकामगारांना त्यात नवल वाटण्यासारखं फारसं नव्हतं.

चांदीचा काळ काही सुवर्णकाळ नव्हता, तेव्हा उगाच हळवं व्हायला नको. लहान पोरं दिवसभर हातोडीने धातुक फोडून निवडत बसत. डोंगरावरची झाडं भट्ट्यांनी आणि खाणीतल्या लाकडी टेकूंनी खाऊन टाकली. राजाचा दशमांश आधी बाजूला निघे, मग बाकीच्यांचं बघायचं. पण खाण गावाचं काहीतरी देणं लागते, हे त्या जमान्यातल्या लबाडातल्या लबाड भागीदारालाही ठाऊक होतं. विसाव्या शतकात राज्यसंस्था कितीतरी सुधारली म्हणतात, आणि नेमकी हीच गोष्ट तिला आठवेनाशी झाली.

त्या काळचं एक यंत्र गावात पुन्हा उभारून ठेवलं आहे, ते पाहिलं की खाणीचं अर्थकारण चटकन समजतं. घोड्यांचा रहाट. शंकूच्या आकाराचं उंच लाकडी छप्पर, मधोमध उभा जाडजूड आस, त्याला जोडलेल्या आडव्या दांड्याला घोडे जुंपलेले. घोडे गोल गोल फिरणार, आसावरचं ढोल फिरणार, त्यावर दोर गुंडाळला जाणार आणि खालून धातुकाची टोपली वर येणार. आमच्याकडच्या तेलाच्या घाण्याला बैल फिरतो तसंच. पण घोड्यांना चारा लागतो, डोंगरात चारा महाग. खाण खोल गेली की चारा वाढतो, चांदी मात्र तेवढीच. खाण कधी बंद पडते याचं उत्तर बहुतेक वेळा धातू संपण्यात नसतं, या चाऱ्याच्या हिशेबात असतं. युरेनियमच्या काळात हा हिशेबच कुणी केला नाही, कारण गिऱ्हाईक एकच होतं आणि त्याला किंमत परवडते की नाही हा सवालच नव्हता.

चांदीच्या खाणीत एक काळी, जड, चकचकीत दगडी वस्तू सापडे. ती दिसली की खाणकामगार वैतागत, कारण ती आली की बऱ्याचदा चांदीची शीर संपे. ती पिचब्लेंड. बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने याच गावच्या गेऑर्ग वाग्सफोर्ट खाणीतल्या पिचब्लेंडमधून एक नवं मूलद्रव्य ओळखलं आणि सप्टेंबर १७८९ मध्ये जाहीर केलं. आठच वर्षांपूर्वी युरेनस ग्रहाचा शोध लागला होता, म्हणून मूलद्रव्याचं नाव युरेनियम. खरं तर क्लाप्रोटच्या हातात आलं ते त्याचं ऑक्साइड होतं. शुद्ध धातू १८४१ मध्ये पॅरिसच्या पेलिगोने वेगळा केला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरेनियमचा उपयोग काच आणि चिनी मातीची भांडी रंगवण्यापुरताच राहिला.

एकोणिसाव्या शतकाबद्दल फार थांबण्याचं कारण नाही. चांदी आटली, १८६७ च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत बहुतेक गाव जळालं, ते पुन्हा बांधलं, आणि लोक कातडी हातमोजे शिवून पोट भरू लागले. चांगल्या वस्तू बनवणारं, थंड, शिस्तीचं, सहा-सात हजार वस्तीचं गाव. एका गोष्टीची मात्र इथे नोंद करायला हवी. शेजारच्या श्नेबेर्ग गावात खाणकामगार तरुण वयात छातीच्या दुखण्याने मरत, ही गोष्ट सोळाव्या शतकापासून वैद्यांना माहीत होती. हेर्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी १८७९ मध्ये हे दुखणं म्हणजे फुप्फुसातली गाठ आहे असं दाखवून दिलं. १९२५ मध्ये जर्मनीने व्यवसायजन्य रोगांची जी पहिली यादी केली त्यात श्नेबेर्गचा हा फुप्फुसरोग होता. हे वर्ष लक्षात ठेवावं. कारण १९४६ मध्ये माणसांना या डोंगरात कोरड्या ड्रिलसमोर उभं केलं, तेव्हा काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरलेली नव्हती. सरकारी कागदावर ते आधीच लिहिलेलं होतं.

हिरोशिमानंतर सोव्हिएत संघाला युरेनियम हवं होतं, तेही ताबडतोब. त्यांच्या ताब्यातल्या जर्मनीत ते कुठे मिळेल याचं उत्तर जुन्या खाणकचेऱ्यांच्या दप्तरात होतं. योहानगेऑर्गनश्टाट हे पहिल्या ठिकाणांपैकी एक. १९४७ मध्ये या सगळ्या उद्योगाला विस्मुट असं नाव दिलं गेलं. विस्मुट हा बिस्मथ या धातूसाठीचा जर्मन शब्द, म्हणजे कागदावर कंपनी बिस्मथ काढत होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाने पहिला अणुबॉम्ब उडवला, त्यामागे याच डोंगरांतल्या युरेनियमचाही वाटा होता.

सुरुवातीला माणसं रोजगार कचेरीच्या हुकुमाने आणली. नंतर बरीचशी आपणहून आली. उपासमारीच्या दिवसांत जादा शिधा आणि चांगला पगार कुठे मिळत होता तर तो इथेच. गाव प्रतिबंधित क्षेत्र झालं, आत यायला पास लागू लागला. घराघरात कामगार घुसवले, एका पाळीचा माणूस उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच खाटेवर झोपे. घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत चर खणले, खाणीत उतरायच्या विहिरी खोदल्या. खाली पाणी न वापरता ड्रिल चाले, कारण पाण्याची सोय करायला वेळ नव्हता. धूळ इतकी की समोरच्याचा दिवा दिसेना. त्या धुळीबरोबर फुप्फुसात सिलिका, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, जाई आणि रेडॉनही. वर आल्यावर कामगाराला शिध्यात करमुक्त स्वस्त दारू मिळे. कामगारांनीच त्या दारूला दोस्ताचं मरण असं नाव ठेवलं होतं. एवढा कडवट विनोद करणारी माणसं आपलं काय होतंय ते ओळखून होती, असंच मला वाटतं.

पुढे जर्मन अपघात विमा संस्थांनी हजारो विस्मुट कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग व्यवसायजन्य म्हणून मान्य केला. सुमारे साठ हजार कामगारांच्या आरोग्याच्या नोंदींवर जर्मनीचं किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालय आजही अभ्यास करतं. घरात रेडॉन किती असला तर काळजी घ्यावी, हे ठरवताना जगभरचे तज्ज्ञ खाणकामगारांच्या अशा नोंदींचा आधार घेतात. जर्मनीत घनमीटरला ३०० बेकेरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ही संदर्भपातळी आहे. म्युनिकच्या तळघरात रेडॉन बाहेर काढायला पंखा बसवताना त्याचा थोडा हिशेब या गावच्या मेलेल्या माणसांनी केलेला असतो.

आणि मग गावच पाडायला घेतलं. १९५३ पासून. खालची जमीन पोखरली, घरं धोक्यात आहेत, असं कारण होतं. चर्च राहिलं, इकडे-तिकडे काही इमारती राहिल्या, पण १८६७ च्या आगीनंतर बांधलेलं गाव, बाजारपेठेसकट, गेलं. लोकांसाठी वरच्या अंगाला नव्या वसाहती बांधल्या. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, खाण बंद. ज्यांच्यासाठी वसाहती बांधल्या ते पुढच्या खाणीवर निघून गेले. १९९० नंतर कारखानेही बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले. २००२ पासून पूर्व जर्मनीत रिकाम्या इमारती पाडायला सरकारी अनुदान मिळू लागलं आणि या गावातल्या त्या ‘नव्या’ वसाहतींवरही हातोडा पडला. एकदा आगीने, एकदा खाणीसाठी आणि एकदा खाण गेल्यामुळे. गावाला नक्की पडायचं तरी किती वेळा?

आता हिशेबाकडे येऊ. विस्मुटच्या जागा साफ करायला संघ सरकारने सुरुवातीला १३ अब्ज मार्कांचा अंदाज धरला होता आणि आजवर सहा अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला आहे. जर्मनीच्या सरकारने हे काम टाळलं नाही, उलट नेटाने केलं, हे आधी सांगायला हवं. शेजारच्या थुरिंगिया राज्यातल्या रॉनेबुर्गच्या खाणीच्या जागेवर २००७ मध्ये देशपातळीवरचं बागांचं प्रदर्शन भरलं. जगात किती सरकारांनी आपला युरेनियमचा पसारा असा आवरला आहे? फार नाही. पण या खर्चातून योहानगेऑर्गनश्टाटसारखी जुनी ठिकाणं वगळली होती. एकीकरणानंतर तेरा वर्षांनी, २००३ मध्ये, संघ सरकार आणि सॅक्सनी राज्याने अशा जुन्या ठिकाणांसाठी निम्म्या-निम्म्या भागीचा करार केला, रक्कम ७ कोटी ८० लाख युरो. २०१३ मध्ये त्यात भर पडली, २०१९ मध्ये आणखी. म्हणजे पैसे आले, पण उशिरा, तेही कराराच्या मुदतीने, आणि राज्याने निम्मा वाटा उचलला तरच. श्लेमाला कायद्याने हक्क मिळाला. योहानगेऑर्गनश्टाट अजून विनंतीच्या रांगेत आहे. दोन्हीकडच्या ढिगांमधला किरणोत्सर्गी रेडियम मात्र तोच.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यातले दोन मला पोकळ वाटतात. एक म्हणजे, कामगारांना भरपूर पगार मिळाला होता. मिळाला होता, खरं आहे. पण पगार श्रमाचा असतो. गावठाण पाडल्याचा, बाजारपेठ गेल्याचा, ज्या म्हातारीने खाणीत पाऊल ठेवलं नाही तिच्या तळघरात रेडॉन साठल्याचा तो मोबदला कसा होईल? दुसरा म्हणजे, चार हजार माणसांवर एवढा खर्च कशाला, त्यांना दुसरीकडे हलवा, जंगल आपोआप वाढेल. माणसं कमी उरली ती खाणीमुळेच. आधी माणसं घालवायची आणि मग माणसं नाहीत म्हणून हात आखडता घ्यायचा, हा कुठला न्याय?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हे नुकसान सोव्हिएत संघाने केलं, जर्मन करदात्याने ते का भरायचं? याला उत्तर देताना इतिहास थोडा सरळ करून घ्यावा लागतो. सोव्हिएत संघ या डोंगरात उगाच आला नव्हता. १९४१ मध्ये जर्मनीने त्याच्यावर हल्ला केला, लाखो माणसं मारली, शेकडो शहरं जाळली. हरलेल्या देशाने भरपाई द्यायची होती. ती पूर्व जर्मनीतून घेतली गेली, पश्चिम जर्मनीने सोव्हिएत संघाला त्या मानाने फारच थोडी दिली. म्हणजे सगळ्या जर्मनीने उभं केलेलं देणं मुख्यतः एका अर्ध्याने फेडलं, आणि त्या अर्ध्यातही एर्त्सगेबिर्ग आणि थुरिंगियाच्या काही गावांनी ते जमिनीसकट फेडलं. हॅम्बुर्ग, स्टुटगार्ट, कोलोन यांनी ज्या युद्धात वाटा घेतला त्याचं बिल एका डोंगरातल्या गावाने भरलं. तेव्हा या गावाला मिळणारा पैसा दया म्हणून बघणं चुकीचं आहे. तो सगळ्या देशाच्या वतीने भरलेल्या रकमेचा परतावा आहे, आणि परताव्याला १९९० ची तारीख लागू होत नाही.

जर्मनीला हे कळत नाही असंही नाही. देशाच्या पश्चिमेला रुर खोऱ्यात कोळशाच्या खाणींमुळे काही ठिकाणी जमीन वीस मीटरपर्यंत खचली. तिथे पंप बंद केले तर वस्त्या पाण्याखाली जातील. म्हणून ‘कायमची कामं’ असा एक सरकारी विचार तिथे रुजला. २००७ मध्ये कोळसा कंपनीच्या भागभांडवलातून एक प्रतिष्ठान उभं केलं गेलं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये बोट्रोपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून कोळशाचा शेवटचा दगड राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला, खाणी बंद झाल्या, पण पंप सुरूच आहेत आणि त्यांचा खर्च त्या प्रतिष्ठानातून निघतो. कुठल्या तारखेला कोण मालक होता, असं तिथे कुणी विचारत बसलं नाही. पाणी तारखा पाळत नाही, हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. रुरमध्ये लाखो मतदार आहेत आणि योहानगेऑर्गनश्टाटमध्ये चार हजार, हा फरक मी केवळ योगायोग समजू शकत नाही.

गावाने स्वतः काय केलं? गावाने दिवे लावले. या भागात नाताळात खिडकीत कमानीच्या आकाराचा मेणबत्तीचा दिवा ठेवतात, त्याला श्विबबोगन म्हणतात. सर्वात जुना ज्ञात श्विबबोगन १७४० चा, लोखंडी, याच गावच्या लोहाराने घडवलेला. नाताळाआधीची शेवटची पाळी लवकर संपवून खाणीतले लोक प्रार्थना करत, एकत्र जेवत, आणि आपले दिवे खाणीच्या तोंडाभोवती कमानीसारखे टांगत, असं सांगतात. हिवाळ्यात ज्यांना दिवसाचा उजेड फारसा दिसत नसे, त्यांनी डिसेंबरात उजेडाला एवढं मोल द्यावं हे समजण्यासारखं आहे. २०१२ मध्ये गावाने २५ मीटर रुंद आणि साडेचौदा मीटर उंचीचा श्विबबोगन उभारला आणि जगातला सर्वात मोठा उभा श्विबबोगन म्हणून त्याची जाहिरात केली. त्यावर बरीच कुजबुज झाली असणार, एवढ्या पैशात काय काय झालं असतं वगैरे. मला त्यात गैर काही वाटत नाही. ज्या गावातून जुनी बाजारपेठ, जुनी घरं, अर्धी नवी घरंही काढून नेली, त्याने काहीतरी मोठं, उभं, दुरून दिसणारं बांधावं असं त्याला वाटलं तर त्याला हसणारे आपण कोण?

पण कमान पाहायला आलेल्या पर्यटकाला युरेनियम सांगायचं की नाही, इथे गाव अडखळतं, आणि ते अडखळणं परवडणारं नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने सॅक्सनी-बोहेमिया सरहद्दीवरच्या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. यादीत एकूण २२ जागा आहेत, १७ जर्मनीत, ५ चेक प्रजासत्ताकात. त्यात होर्नी ब्लाटना आहे, म्हणजे ज्या प्लाटनमधून १६५४ चे लोक हाकलले गेले ते आईचं गाव आहे. श्लेमाच्या बाजूचा युरेनियमचा खाणपरिसरही आहे. योहानगेऑर्गनश्टाट नाही. का, याचं उत्तर उघड आहे. वारसा ठरायला काहीतरी शिल्लक लागतं. जिथे राज्याने सगळंच पाडलं, तिथे दाखवायला जे उरलं ते पाडल्याची जागाच आहे. माझ्या मते हीच जागा दाखवावी. जुन्या गावठाणाच्या मोकळ्या जमिनीवर कुठे बेकरी होती, कुठे हातमोज्याचा कारखाना होता, कुठे खाणीची विहीर अंगणात उतरली, याच्या पाट्या लावाव्यात. चांदीच्या काळाची कमान आणि युरेनियमचं मैदान एकाच तिकिटावर. कमान एकटी दाखवली तर गाव गोड दिसेल, पण त्याच्या मागण्याला जोर राहणार नाही. ज्याला नुकसान झालेलं दिसतच नाही, तो भरपाई कशाला देईल?

आता लिथियम. एर्त्सगेबिर्गच्या पूर्व टोकाला, आल्टेनबेर्गजवळच्या त्सिनवाल्डमध्ये, ब्रिटनमध्ये नोंदलेल्या एका कंपनीला विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी लिथियम काढायचं आहे. सरहद्दीपलीकडे सिनोवेत्समध्येही तसाच प्रकल्प आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये महत्त्वाच्या कच्च्या मालाचा कायदा केला, त्यामुळे या प्रकल्पांना राजकीय पाठबळ आहे. मी या खाणींच्या सरसकट विरोधात नाही. पेट्रोल सोडायचं म्हणायचं आणि लिथियम कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसाच्या अंगणातून आणायचं, हा ढोंगीपणा युरोपने बराच काळ केला आहे. खोदायचं असेल तर स्वतःच्या डोंगरात खोदा, बघू या काय होतं ते.

पण मग आधी पैसे ठेवा. जर्मनीच्या खाण कायद्यात खाणकंपनीकडून अनामत मागण्याची तरतूद आहे, मात्र ती मागायची की नाही हे खाणकचेरीच्या मर्जीवर सोडलेलं आहे. ही मर्जी काढून टाकून ती सक्तीची करायला हवी. रक्कम कंपनीच्या ताळेबंदात नको. ती रुरसारख्या, पण पहिल्या दिवसापासून उभ्या राहणाऱ्या स्वतंत्र निधीत हवी, आणि तो निधी जागेच्या नावाने हवा, मालकाच्या नव्हे. कंपनी विकली गेली, बुडाली, परदेशात गेली, तरी निधी तिथेच. शिवाय जुन्या कुक्सच्या रीतीने, गावाचा हिस्सा आधी वेगळा काढलेला असावा, वर्गणी न मागता. आणि याच निधीला मागच्या तारखेने योहानगेऑर्गनश्टाटसारखी जुनी ठिकाणं जोडावीत. सॅक्सनीच्या नव्या खाणींतून राज्याला जे स्वामित्वधन मिळेल, त्याचा एक ठराविक टक्का या जुन्या ढिगांसाठी राखून ठेवणं अवघड नाही. अवघड वाटतं ते फक्त अर्थमंत्र्याला, कारण त्याने ते पैसे आधीच दुसरीकडे मोजलेले असतात.

त्सिनवाल्डच्या सभांमध्ये कंपनीचे लोक नोकऱ्या, आधुनिक तंत्र आणि झाकलेल्या वाहतुकीबद्दल बोलतील. गावकऱ्यांनी त्यांना एकच विचारावं. चाळीस वर्षांनी लिथियम संपल्यावर तुमची कंपनी असो वा नसो, या ढिगाचा खर्च कोणत्या खात्यातून निघेल, आणि त्या खात्यात आज किती रक्कम आहे? आकडा सांगता येत नसेल तर परवाना देऊ नये.